माळावर झोपणाऱ्या माणसाचं सामान

दिवाळी सरली की पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरी-भाळवणीच्या माळावरून मेंढ्यांचे वाडे कोकणाकडे निघतात. टाकळी ढोकेश्वर, आणे घाट, आळेफाटा, ओतूर, मग माळशेज उतरून मुरबाड आणि तिथून कल्याण-भिवंडीच्या बाजूने थेट वाडा तालुक्यातल्या भाताच्या खाचरांपर्यंत. भात कापून झालेला असतो, शेतं मोकळी असतात आणि शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं. कळप शेतात बसवायचा, त्याबदल्यात भात किंवा पैसे घ्यायचे आणि पुढच्या शेताकडे सरकायचं. ज्येष्ठ जवळ आला की परतीची घाई, कारण आमची दख्खनी मेंढी कोकणातल्या पावसात टिकत नाही. चिखलात तिचे खूर सडतात. नगरकडे वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, घाटाखाली त्याच्या चार-पाच पट.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, सत्तरी ओलांडल्यावरही या वाटेने जातात. कळप आता भाऊ सांभाळतो. पण पाणवठा कुठे आटतो, घाटात रात्री कुठे थांबू नये आणि कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याचा शब्द पक्का, हे आबांनाच ठाऊक. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हातात पगार असतो, त्यामुळे दसऱ्यापासून माझ्या मनात एकच घोळत राहतं: यंदा वाटेसाठी आबांना काय द्यावं? बाजारात वस्तूंची कमी नाही. हरिश्चंद्रगड, कळसूबाई चढायला येणाऱ्या पोरांसाठी नगर-पुण्यात आता सगळं मिळतं. पण अर्धं वर्ष उघड्यावर झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या कामाचं त्यातलं काय, हे दुकानदाराला सांगता येत नाही. त्यासाठी आबांच्या, त्यांच्या वडिलांच्या आणि त्यांच्याही आधीच्यांच्या अंगावर नि घोडीवर काय होतं, त्यातलं काय राहिलं, काय गेलं आणि कशामुळे गेलं, हे बघावं लागतं. बरीच वर्षं मी ते बघत, विचारत आणि सापडेल तिथे वाचत आले आहे.

सगळ्यात आधी घोंगडी.

१८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नगर जिल्ह्याचा खंड निघाला. त्यात धनगरांचा उल्लेख मेंढ्या राखणारे आणि घोंगड्या विणणारे असा आहे. त्या काळी ही दोन कामं एकमेकांना लागूनच होती. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळा सरल्यावर, मेंढ्या ओढ्यात किंवा तळ्यात घालून धुवायच्या, अंग वाळलं की कातरायच्या. लोकर पिंजायची, बायकांनी ती कातायची, आणि खुटेकर धनगर किंवा सणगर विणकरांनी खड्ड्यातल्या मागावर तिच्या पट्ट्या विणायच्या. दोन पट्ट्या जोडून एक घोंगडी. ताण्याला खळ द्यायची ती चिंचोक्यांची. चिंचोके भिजवायचे, कुटायचे, शिजवायचे आणि ती चिकट खळ कुंच्याने सुतावर फिरवायची. खळीमुळे सूत मागावर तुटत नाही आणि नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक राहते. अंगावर घेता घेता, दवाने नि घामाने, वर्षभरात ती मऊ पडते. रंग दिलेला नसतो. काळी, करडी, पांढरी, जशी मेंढी तशी घोंगडी. काठाला पांढऱ्या रेघा. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, सगळ्यात मऊ. जावळाची घोंगडी फार थोड्या घरात असायची आणि ती म्हाताऱ्या माणसासाठी राखलेली असायची.

माझ्या आजोबांच्या सामानात अंथरूण, पांघरूण, छत्री, तंबू आणि पिशवी अशा पाच वस्तू नव्हत्या. घोंगडीच होती. थंडीत ती अंगावर. पाऊस आला तर तिची खोळ करून डोक्यावरून पाठीवर. दुपारी दोन काठ्यांवर ताणली की सावली. वाटेत मेंढी व्यायली की नवं कोकरू तिच्यातच गुंडाळून खांद्यावर. दोन वाड्यांत चराईवरून भांडण झालं तर पंच तिच्यावरच बसायचे. खंडोबाची तळी तिच्यावर भरायची. पौष पौर्णिमेला पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाच्या यात्रेत आजही जुनी माणसं घोंगडी खांद्यावर टाकूनच येतात. आणि उपयोग म्हणाल तर मी विज्ञान शिकवते म्हणून सांगते: लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ओल शोषताना ती किंचित ऊब देते. ठिणगी पडली तर लोकर जळून काळी पडते, पण भडकत नाही आणि वितळून कातडीला चिकटत नाही. तीन दगडांच्या चुलीशेजारी झोपणाऱ्या माणसाला याचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको.

अशी वस्तू गेली कशी? चांगली नव्हती म्हणून नाही. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, जाड आणि केसाळ. गिरणीला ती स्वेटर-शालीसाठी चालत नाही. त्यात सुधारणा करायचे प्रयत्नही झाले. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झालं, आणि तिथल्या मेंढी संशोधनात मेरिनोसारख्या परदेशी जातींशी आपल्या मेंढीचा संकर करून पाहिला गेला. पण माळावरच्या उन्हात, दिवसाला कित्येक कोस चालून, बाभळीच्या शेंगांवर जगायचं तर इथलीच मेंढी हवी, असं मेंढपाळांचं म्हणणं राहिलं. मग पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांचे ढीग आठवडी बाजारांत आले. मटणाला भाव चढला तसा अनेकांनी जतकडचा माडग्याळ नर कळपात आणला. तो अंगाने मोठा, पण त्याला लोकर जेमतेम. आता अशी वेळ आहे की कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. मी काष्टीच्या बाजाराला जाताना रस्त्याकडेला काळ्या लोकरीचे पुंजके वाऱ्यावर पडलेले पाहिले आहेत. बघवत नाही. मेंढपाळांसाठी सरकारने १९७८ साली महामंडळ काढलं, ते आज अहिल्यादेवींच्या नावाने चालतं. २०१७ नंतर महामेष योजनेत वीस मेंढ्या नि एक नर असा कळप मिळू लागला. या योजना मेंढी वाढवतात आणि ते गरजेचं आहे. पण लोकरीचं पुढे काय, हा प्रश्न तसाच उभा आहे.

म्हणून मी आबांना दुकानातली रजई किंवा डोंगर चढणाऱ्यांची ती झिपवाली झोपायची पिशवी दिलेली नाही. ती मी हाताळून पाहिली आहे. ऊब आहे, वजन नाही, गुंडाळली की कलिंगडाएवढी होते. पण तिच्यात शिरलं की माणूस बांधला जातो. रात्री कुत्रं भुंकलं की आबांना एका झटक्यात उठून काठी हातात घ्यायची असते. घोंगडी खांद्यावरून सरकते नि माणूस मोकळा होतो. मेंढपाळाच्या सामानाची पहिली कसोटी हीच, की वस्तूने हातपाय अडवू नयेत. दुसरी, ती घोडीवर लादता आली पाहिजे. आणि तिसरी, मुरबाडच्या पुढे कुठेतरी तुटली तर सुई, दोरा, सुतळी किंवा दगड यांनी दुरुस्त झाली पाहिजे. मी या तीन कसोट्या आबांकडून पाठ करून घेतलेल्या नाहीत. जुन्या वस्तूंकडे बघता बघता त्या दिसत गेल्या.

या माळावर मेंढपाळ एकटा कधीच नव्हता. श्रीगोंदा, कर्जत, पारनेर या भागातलं गवताळ रान म्हणजे काळवीट, माळढोक, कोल्हा आणि लांडगा यांचं घर. इंग्रजी अमदानीत नगरला लष्कराची छावणी होती, आणि साहेबलोक माळावर काळविटांची शिकार करत. लांडगा मारला की सरकारी बक्षीस मिळे. फासेपारधी आपल्या फाशांनी तितर-लाव्हे आणि हरणं धरत; त्या सगळ्या समाजाला सरकारने गुन्हेगार ठरवून टाकलं, हा अन्याय त्यांची नातवंडं अजून सोसत आहेत. शिकाऱ्याचं सामान आणि मेंढपाळाचं सामान शेजारी ठेवून पाहिलं तर फरक लगेच कळतो. शिकारी चार दिवसांसाठी जंगलात जातो. त्याच्या वस्तू जनावराजवळ पोचण्यासाठी असतात, आणि साहेबाच्या तर वाहायला माणसं असत. मेंढपाळाला जनावर दूर ठेवायचं असतं, तेही रोज रात्री, आणि सामान वाहायला घोडी.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच वर्षी या भागात भीषण दुष्काळ होता, त्यामुळे कायद्याची बातमी वाड्यांपर्यंत उशिरा पोचली असावी. १९७९ साली सोलापूर-नगरच्या माळांवर माळढोक अभयारण्य झालं, १९८० साली कर्जतजवळ रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य. ते अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं, पण त्यातली काळविटं आज शेजारच्या शेतांत चरताना दिसतात. लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. त्याच्या बिळावर धूर करून पिल्लं मारायची जुनी रीत गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झालं असं मी मानते. आबाही मानतात. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, "लांडगा हाय म्हणून माळ हाय. त्यो गेला की माळ नांगरला म्हणून समज." पण त्या दिवसापासून मेंढपाळाच्या हातात राखणीशिवाय दुसरा उपाय उरला नाही, आणि राखणीचं सामान जास्त महत्त्वाचं झालं.

राखणीत पहिली गोष्ट उजेड. आजोबांच्या वडिलांच्या काळी कमरेच्या बटव्यात चकमक, गारगोटी आणि कापूस असे. रात्रभर शेकोटी जागती ठेवायची, आणि काही खुडबुडलं तर तिच्यातलं जळतं लाकूड उचलायचं. मग कंदील आला. १९१६ साली औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभा केला. त्या गावाला पुढे ओगलेवाडीच म्हणू लागले. तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर घराघरांत गेला, तसा वाड्यांवरही गेला. आमच्याकडे एक अजून आहे. काच केव्हाच फुटली, पण त्याची कडी हाताला इतकी घोळलेली आहे की लोखंड रेशमी लागतं. कंदिलाने वाड्याचं रूप बदललं. आता रात्री कोकरू आईला लावता येऊ लागलं, विंचू चावला तर बघता येऊ लागलं. मात्र कंदिलाचा उजेड धरणाऱ्यालाच दिसतो. पलीकडचं जनावर अंधारातच राहतं. ती कमतरता दोन सेलच्या बॅटरीने भरून काढली. आबांच्या लग्नात मामाने दिलेली पितळी रंगाची बॅटरी ही त्यांची पहिली मोलाची वस्तू, असं ते सांगतात.

आबा बॅटरी नेहमी कानाजवळ, कानशिलाला लावून धरायचे. लहानपणी मला ती नुसती लकब वाटायची. नंतर उमगलं. लांडग्याच्या, बिबट्याच्या डोळ्यांच्या मागे चकाकणारा पडदा असतो. उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेला तो परत फेकतो. म्हणून बॅटरी आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरली तरच दूरचे डोळे चमकलेले दिसतात. कमरेशी धरली तर समोर जनावर असूनही दिसत नाही. रात्रीचे शिकारी हे जाणून होते आणि मेंढपाळही. एका दिवाळीला मी कपाळाला बांधायचा दिवा घेऊन गेले तेव्हा मनात हेच होतं. उजेड डोळ्यांच्या रेषेत राहतो आणि दोन्ही हात सुटतात. आबांनी तो पटक्यावरून बांधून बघितला, अंधारात कुत्र्याकडे पाहिलं, कुत्र्याचे डोळे हिरवे चमकले, आणि ते एवढंच बोलले, "हा ठेव." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी पसंती मी ऐकलेली नाही. तेव्हापासून तो दिवा त्यांच्या सामानात आहे. मी फक्त चार्जिंगवर चालणारा सोडून सेलवर चालणारा बघून घेतला, कारण सेल ओतूरच्या टपरीवरही मिळतात.

दुसरी गोष्ट वाघर. संध्याकाळी खुंट्या ठोकून कळपाभोवती जी जाळी उभी करतात ती. पूर्वी ती अंबाडीच्या किंवा घायपाताच्या दोराची असायची, माणसं दुपारच्या वेळी मेंढ्यांवर नजर ठेवत ती वळत बसायची. दव पडलं की ती इतकी जड व्हायची की सकाळी दोघांनी मिळून उचलावी लागे. नायलॉनची जाळी आली आणि हे ओझं एकदम गेलं. जुन्या-नव्याच्या तुलनेत मी सरसकट जुन्याच्या बाजूची नाही. नायलॉनच्या जाळीने माझ्या वडिलांची पाठ वाचवली आहे. ती जाळी लांडग्याला बऱ्यापैकी थोपवते. बिबट्याला नाही. आणि आता बिबट्याच जास्त.

कालवे आले, ऊस आला, तसा बिबट्या शिवारात मुक्कामाला आला. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानात कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, माणसांनी भरलेल्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आढळले. शेतकरी घरात झोपतो, त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे काळजी. मेंढपाळ शेतातच झोपतो. म्हणून कुत्र्याच्या गळ्यातला टोकदार खिळ्यांचा पट्टा ही जुनी वस्तू पुन्हा मोलाची झाली आहे. लांडगा नि बिबट्या दोघेही मानेला धरतात. पट्टा असला की कुत्र्याला वाचायची संधी मिळते. आमचा पट्टा लोहाराने ठोकलेला आहे. चामडं बदललं, खिळे तेच. गेल्या खेपेला मी नवीन चामडं शिवून घेतलं, आणि त्या भेटीने आबा जितके खूश झाले तितके स्वतःसाठी आणलेल्या कशानेच झालेले नाहीत.

याच कारणाने मोबाइलही सामानात आला. वाघरीतून मेंढी गेली तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पण वेळेत कळवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो, आणि मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नसतं. वाडा तर सकाळी पुढे निघायचा असतो. फोटो असला, फोन लागला, तर म्हणणं मांडता येतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची बाजू तो फोटो मांडतो. म्हणून मी मोठी बटणं आणि बरा कॅमेरा असलेला फोन घेतला, आणि घोडीच्या पाठीवर उन्हात पसरता येईल अशी सौरपट्टी. तिची मुंबईकडची किंमत ऐकून आबा नाराज झाले होते. भावाने ती खोगिराच्या दोरीला बांधली, दुपारपर्यंत फोन भरला, तेव्हा विषय मिटला.

आता सगळ्यात अलीकडचं. नगर-कल्याण रस्ता हा आता राष्ट्रीय महामार्ग आहे. आमची वाट त्या महामार्गावरूनच जाते, कारण जुन्या पाऊलवाटा, ओढ्याकाठची कुरणं, गायरानं यांतलं बरंचसं कुंपणात गेलं. याची सुरुवात फार जुनी आहे; १८७८ च्या वनकायद्यापासून राखीव रानं मेंढ्यांना बंद होत गेली. उरली डांबराची वाट. पहाटे चार वाजता, धुक्यात, माळशेजच्या वळणावर मागून ट्रक येतो आणि काळ्या मेंढ्या काळ्या रस्त्यावर दिसत नाहीत. लांडग्याने एका रात्रीत नेलेल्या मेंढ्यांपेक्षा एका ट्रकखाली जास्त जातात, हे वाड्यावरचं कुणीही सांगेल. माणसंही गेली आहेत. तेव्हा म्हाताऱ्या मेंढपाळाला एकच वस्तू द्यायची ऐपत असेल तर ती काय द्यावी, असं मला कुणी विचारलं तर मी घोंगडीच्याही आधी उजेडात चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट सांगेन. ते रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात, नगरच्या बाजारात सहज मिळतं, दोन-तीनशे रुपयांच्या आत. मी जाकिटं आणली आणि तशाच पट्ट्यांची गुंडाळीही आणली. पट्टी घोडीच्या खोगिराला, कुत्र्याच्या गळ्याला, कळपाच्या पुढच्या नि मागच्या चार-चार मेंढ्यांच्या गळ्यातल्या दोरीला लावली. पुढच्या वर्षी बरोबरच्या दुसऱ्या वाड्यांनीही ती मागितली.

पायताणाबद्दल थोडक्यात सांगते. टायरच्या तळव्याचं, जाड पट्ट्याचं, चांभाराकडून पाय मापून करून घेतलेलं. बाभळीचा नि बोरीचा काटा त्यातून वर येत नाही. बूट आबांना चालत नाहीत: ओढा ओलांडताना ते भरतात, आणि भिजलेल्या बुटात पाय सोलतात. काटा काढायचा पितळी चिमटा कमरेला असतोच. तो आजोबांचा आहे, बदलायची गरज नाही.

मच्छरदाणी मात्र पूर्वी आमच्या सामानात कधीच नव्हती. माळावर वारा असतो, डास टिकत नाहीत. घाटाखाली खाचरांच्या कडेला डासांचं मोहोळ उठतं, आणि तापाने फणफणत परतलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली. चार काठ्यांना बांधायची साधी दाणी दिली. ती घडी करून पटक्याएवढी होते.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. धनगरांविषयी जे काही वाचायला मिळतं, त्यात काठी, कुऱ्हाड, गोफण, घोंगडी यांचं वर्णन असतं. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्य या लोकांमध्ये फिरण्यात घातलं, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबावरचं त्यांचं पुस्तक १९७६ सालचं. आमच्या ओव्या त्यांनी जपल्या याबद्दल मला त्यांचा आदर आहे. भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा' चित्रपटामुळे २०१५ साली शहरातल्या लोकांनीही वाड्यावरचं जगणं पडद्यावर पाहिलं. पण रोज बिऱ्हाड मोडून रोज उभं करते ती बाई. पहाटे उठून भाकरी थापायच्या, तवा, पातेली, पिठाची गोणी, कोंबड्यांची डालगी, सकाळी जन्मलेली कोकरं, सगळं घोडीवर अशा बेताने बांधायचं की एकही दोर सुटू नये. तान्हं मूल असेल तर त्याची झोळी सगळ्यात वर. मग पुरुष कळप घेऊन रानाने येईपर्यंत आपण रस्त्याने पुढच्या मुक्कामी पोचून पाणी, सरपण, चूल. आई हे पन्नासएक वर्षं करत आली. मी एवढ्या वस्तू आणल्या, त्यातल्या बहुतेक आबांच्या नावाने. मागच्या आषाढात तिला विचारलं, "आई, तुला काय पायजे?" ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाणी आणायला चाक असलेलं काईतरी बघ. आन् मलाबी एक जावळाची."

चाकाची पाण्याची टाकी मी शोधून आणली. ढकलत न्यायची, गोल, प्लॅस्टिकची. डोक्यावरच्या दोन हंड्यांएवढं पाणी तिच्यात सहज मावतं. घोडीवर ती बसत नाही, पण वाड्याचं जड सामान आता कधीकधी छोट्या टेम्पोतून पुढे जातं, त्यात ती जाते.

घोंगडीचं काम जास्त अवघड आहे. एका घोंगडीपुरतंच जावळ जमवायला पुष्कळ कोकरं कातरावी लागतात, आबांची नि आईची अशा दोन घोंगड्यांना दुप्पट. आणि माडग्याळ रक्ताच्या कोकरांचं ते कामाचं नसतं. भावाने कळपातली अस्सल दख्खनी कोकरं वेगळी ओळखून ठेवली आहेत. पावसाळ्यापूर्वीची कातरणी झाली की लोकर गोणीत न दाबता सैल बांधून माझ्याकडे येते. कातायला आमच्या वाडीत आता दोनच म्हाताऱ्या उरल्या आहेत. दोघींना मी आगाऊ पैसे दिले, कारण हे काम फुकट करायचं नाही हे त्यांच्या नि माझ्याही मनात पक्कं आहे. विणकर काका शेजारच्या तालुक्यात राहतात. त्यांचा माग घरातल्या खड्ड्यात आहे, पण खळ लावलेला ताणा अंगणात उन्हात वाळवावा लागतो, म्हणून श्रावण-भाद्रपदात ते हात लावत नाहीत. आश्विनातलं ऊन लागलं की दहा-बारा दिवसांत दोन्ही होतील म्हणाले. चिंचोके त्यांना दर वर्षी बाजारातून आणावे लागतात. या वर्षी आमच्या शाळेच्या आवारातल्या चिंचेखालचे पोरांनी मधल्या सुट्टीत वेचले आणि पायलीभर भरले, ते मी पाठवून दिलेत.